‘कोळी चावला’ : पहिल्या घटकेत काय पाहावे?

पावसाळ्याच्या मध्यरात्री घरातील एखादे माणूस दचकून उठते. मानेला, हाताला किंवा पायाला काहीतरी टोचल्याची जाणीव झालेली असते. दिवा लावून पाहावे तो भिंतीवर एक मोठा कोळी स्तब्ध बसलेला दिसतो. “कोळी चावला,” असा निर्णय तेथल्या तेथे होतो, जागेवर चुना किंवा हळद लावली जाते आणि घर पुन्हा झोपी जाते. बहुतेक वेळा सकाळपर्यंत दुखणे नाहीसे झालेले असते. परंतु क्वचित असेही होते की, सकाळी त्या माणसाच्या पापण्या उघडत नाहीत, शब्द अडखळतात आणि पाण्याचा घोटही गिळवत नाही. अशा वेळी दंश कोळ्याचा नव्हताच, हे फार उशिरा लक्षात येते. भिंतीवरचा कोळी हा केवळ साक्षीदार असतो.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी हे ठिकाण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. हार्बर रेल्वेमार्गावर चेंबूर व मानखुर्द यांच्या मध्ये हे स्थानक लागते. देवनार, मानखुर्द, तुर्भे ही या बाजूची जुनी गावे असून हा सारा प्रदेश एके काळी शेतीचा, मिठागरांचा व खाडीकाठचा होता. १९२७ सालापासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला, १९७१ साली तेथे पशुवधगृह सुरू झाले, आणि त्याभोवती दाट वस्ती वाढत गेली. जेथे कचरा तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा नियम शहरालाही चुकलेला नाही. माश्या, डास व झुरळे यांच्या मागोमाग कोळीही येतात. लहान खोल्यांतून माणसे जमिनीवरच अंथरूण घालतात. शिवाय मुंबईच्या अशा वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबांचा आपल्या मूळ गावाशी संबंध टिकून आहे. सणावाराला आणि शेतीच्या हंगामात ती माणसे गावी जातात व तेथील ओटीवर किंवा खळ्यावर झोपतात.

गोवंडीकराला एक सोय आहे. महानगरपालिकेचे पंडित मदनमोहन मालवीय शताब्दी रुग्णालय गोवंडीतच आहे. घाटकोपरचे राजावाडी आणि शीवचे लोकमान्य टिळक ही मोठी रुग्णालयेही फार दूर नाहीत. रायगडमधील वाडीवर किंवा बीडच्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याला ही जवळीक लाभत नाही. तथापि पहिल्या अर्ध्या तासातील प्रश्न दोघांचाही एकच असतो. हे दुखणे घरी बसून पाहावे की रुग्णाला तत्काळ हलवावे? या प्रश्नाचे उत्तर कोळ्याच्या जातीत सापडत नाही. ते रुग्णाच्या शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांत आणि घड्याळाच्या काट्यात सापडते. ग्राम-कार्यकर्त्याने हे एवढे एकच सूत्र मनाशी पक्के केले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

कोळ्याचे विष आणि माणूस

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. विंचू आणि गोचीड हे त्याचे दूरचे भाऊबंद होत. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. काही थोड्यांचा अपवाद सोडता सर्व कोळ्यांना विष असते, कारण जाळ्यात सापडलेले भक्ष्य निश्चल करण्याचे त्यांचे तेच साधन आहे. परंतु ते विष माशी, तुडतुडे यांच्यासाठी घडलेले आहे. बहुतेक कोळ्यांचे विषदंत इतके लहान असतात की माणसाच्या कातडीत ते शिरतच नाहीत. जे शिरतात, त्यांच्या दंशाने मुंगी किंवा गांधीलमाशी चावल्याइतपत वेदना, थोडी लाली व थोडी सूज येते आणि एक-दोन दिवसांत ती ओसरते. घरातील भिंतीवर दिसणारा, लांब पायांचा, अंड्यांची पांढरी चकती पोटाशी धरून फिरणारा चपटा कोळी दिसण्यास भयंकर असला तरी याच निरुपद्रवी वर्गात मोडतो.

अपवाद मोजके आहेत, पण ते ठाऊक असावेत. ‘विधवा कोळी’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या गटातील काही जाती भारतात आढळतात. त्यांपैकी तपकिरी विधवा कोळ्याची भारतातील पहिली नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. या गटाचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. दंशाची जागा किरकोळ दिसते, परंतु तासाभरात वेदना वाढत जाऊन सांध्यांकडे, पोटाकडे किंवा छातीकडे पसरते, स्नायूंत वांब येतात आणि घाम फुटतो. दुसरा गट पश्चिम घाटातील झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या, केसाळ कोळ्यांचा. त्यांच्या दंशाने तीव्र वेदना व पुढे स्नायूंत गोळे येऊ शकतात. तिसरा गट तपकिरी एकांतवासी कोळ्यांचा. त्यांच्या दंशाची जागा काही दिवसांत काळी पडून तेथे जखम होऊ शकते. या तिन्ही प्रकारचे दंश विरळा घडतात आणि योग्य शुश्रूषा मिळाल्यास रुग्ण सहसा बरा होतो.

या विधानाला इतर देशांतील काटेकोर अनुभवाचा आधार आहे. ऑस्ट्रेलिया हा विषारी कोळ्यांचा देश म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे कोळी प्रत्यक्ष पकडून तज्ज्ञांकडून ओळखून घेतलेल्या ७५० दंशांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ ४४ दंशांत लक्षणीय परिणाम दिसले आणि कातडी सडून जखम झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००१ साली एका कुटुंबाने राहत्या घरात सहा महिन्यांत २,०५५ तपकिरी एकांतवासी कोळी गोळा केले, तरी त्या घरातील एकाही माणसाला दंश झाल्याचे आढळले नाही. कोळी घरात दिसला म्हणून तो चावलाच असे म्हणता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कोळ्याच्या माथी मारले जाणारे विकार

मग ‘कोळी चावला’ किंवा ‘कोळी अंगावरून गेला’ म्हणून जे फोड व व्रण दाखविले जातात ते कशाचे? त्यांत तीन प्रकार वारंवार आढळतात.

पहिला प्रकार एका लहान किड्याचा. नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा, मोठ्या मुंगीएवढा, लांबट असा हा किडा भातखाचरातून व ओलसर जागेतून पावसाळ्यात दिव्याकडे येतो. तो चावत नाही. मानेवर किंवा हातावर बसला असता माणूस त्याला चिरडतो आणि त्याच्या शरीरातील दाहक रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी तेथे भाजल्यासारखा लांबट लाल पट्टा उठतो व त्यावर फोड येतात. हाताच्या घडीत चिरडल्यास समोरासमोरच्या कातडीवर एकसारखे दोन डाग पडतात. असा किडा अंगावर दिसताच तो चिरडू नये, फुंकून किंवा कागदाने दूर करावा आणि जागा साबणाने धुवावी.

दुसरा प्रकार नागिणीचा. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्याप्रमाणे, दाण्यादाण्यांचे फोड येतात आणि त्यापूर्वी एक-दोन दिवस त्या भागाची आग होते. हा कांजिण्यांच्याच विषाणूचा विकार आहे. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. मात्र फोड दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाल्यास त्याचा विशेष उपयोग होतो. म्हणून मंतरलेल्या पाण्यात हे तीन दिवस दवडू नयेत. फोड डोळ्याजवळ असतील तर एक दिवसही थांबू नये.

तिसरा प्रकार साध्या गळवाचा. लहानशा ओरखड्यातून जंतू शिरतात, जागा लाल व गरम होते, ठणकते, पू धरते आणि मध्यभागी काळी पडते. रुग्ण कोळी पाहिल्याचे सांगत नाही, तरीही दोष कोळ्याला दिला जातो. अशा जखमेस जंतुनाशक औषधाची किंवा पू काढण्याची गरज असते. मधुमेही माणसाने तर अशा जखमेकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

हे तिन्ही विकार त्रासदायक आहेत, पण त्यांत विचार करण्यास काही अवधी मिळतो. पुढील दोन दंशांत तो मिळत नाही.

खरे भय मण्यारीचे

मण्यार रात्री हिंडते. काळ्या-निळसर अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप उंदीर, पाली व इतर लहान साप यांच्या शोधात घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. तिचे दात अतिशय बारीक असतात. दंशाच्या जागी वेदना, सूज किंवा रक्त यांपैकी काहीही नसते. पुष्कळदा दोन खुणासुद्धा शोधून सापडत नाहीत. म्हणूनच रुग्ण “मुंगी चावली असेल, कोळी चावला असेल” असे म्हणून पुन्हा झोपतो.

मण्यारीचे विष मज्जातंतूंपासून स्नायूंकडे जाणारा संदेश तोडते. काही तासांनी लक्षणे उमटू लागतात. रात्री निरोगी झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटात दुखू लागले, उलटी झाली, घसा दाटला, तर प्रथम मण्यारीची शंका घ्यावी. त्यानंतर पापण्या जड होतात, एकाची दोन माणसे दिसतात, शब्द बोबडे येतात, मान सावरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा अवस्थेत रुग्ण डोळे मिटून निपचित पडलेला असला तरी पुष्कळदा त्याला सर्व ऐकू येत असते. त्याला वेळीच कृत्रिम श्वास मिळाला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. तो मेला असे समजून प्रयत्न सोडणे ही गंभीर चूक ठरते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांत खेड्यातील माणसांचा वाटा सर्वांत मोठा आहे. केंद्र शासनाने २०२४ साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० सालापर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट केवळ शहरातील रुग्णालयांवर सोपवून साधणार नाही. त्याची सुरुवात घरात, पहिल्या अर्ध्या तासात होते.

महाडचा धडा

लाल विंचवाचा दंश हा दुसरा. अंधारात तो दिसला नाही तर त्याचाही दोष कोळ्यावर जातो. या विंचवाची हकीकत प्रत्येक ग्राम-कार्यकर्त्याने ऐकावी अशी आहे, कारण लक्षणे बारकाईने पाहून लिहून ठेवण्याने माणसे कशी वाचतात याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे.

कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात लाल विंचू विपुल आहे. मोठ्या काळ्या इंगळीची लोकांना धास्ती वाटते, पण तिच्याहून हा लहान लाल विंचू कितीतरी घातक असतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचूदंशाचे रुग्ण छातीत पाणी भरून, तोंडाला फेस येऊन डोळ्यांदेखत दगावत असत. गुणकारी ठरणारे औषध कोणाच्याही हाती नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. त्या नोंदींतून एक क्रम स्पष्ट झाला. ज्या रुग्णाला दंशानंतर उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष असल्यास लिंगाला अकारण ताठरता येते, त्याच्या हृदयावर पुढील काही तासांत संकट येणार, असे सांगता येऊ लागले. १९८२ साली ही लक्षणे ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आली.

विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर असह्य भार पडतो, हे ध्यानी घेऊन रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी वापरले. त्याचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध झाला. प्राझोसिनपूर्व काळात पश्चिम भारतातून विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असल्याच्या नोंदी आहेत. या उपचारानंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. पुढे लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्राझोसिनसह प्रतिविष मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी त्याच अवधीत ८ बरे झाले होते. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या हकिकतीतील मोठा भाग औषधापूर्वीचा आहे. विंचू कोणता, हे पुष्कळदा कोणीच पाहिलेले नसे. डॉक्टरांनी पाहिला तो रुग्ण. घाम केव्हा सुटला, हात केव्हा गार पडले, हे लिहून ठेवण्यास महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, पेन्सिल आणि कागद एवढी सामग्री प्रत्येक गावात आहे.

पहिल्या अर्ध्या तासात काय पाहावे?

रुग्णाजवळ पोहोचताच ग्राम-कार्यकर्त्याने पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात व वेळ घालून लिहाव्यात.

१. श्वास नीट चालतो काय? ओठ, जीभ किंवा चेहरा सुजत आहे काय? अंगावर गांधी उठून दम लागत असेल तर ती तीव्र वावडे असल्याची खूण आहे. त्यावर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तातडीने लागते.

२. दंश केव्हा व कोठे झाला? रात्री जमिनीवर झोपेत, गवत कापताना, लाकडे उचलताना, की चपलेत पाय घालताना? झोपेतला दंश म्हणजे मण्यार, असे धरूनच पुढे चालावे.

३. चावणारा प्राणी प्रत्यक्ष चावताना पाहिला काय, की नंतर जवळपास दिसला? या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. मेलेला कोळी हाती असेल तर झाकणाच्या बाटलीत ठेवावा. साप शोधण्यात किंवा मारण्यात एक क्षणही घालवू नये. दुरून छायाचित्र मिळाले तर पुरे.

४. पापण्या पूर्ण उघडतात काय? रुग्णास वर पाहावयास, जीभ बाहेर काढावयास, एक ते वीस अंक म्हणावयास आणि मान उचलावयास सांगावे. दर पंधरा मिनिटांनी हेच पुन्हा करावे.

५. उलटी, दरदरून घाम, हातापायांचा गारठा, छातीत धडधड, खोकला किंवा धाप आहे काय?

६. वेदना जागच्या जागी आहे की पसरत आहे? पोट किंवा पाठ लाकडासारखी ताठ झाली आहे काय? सूज सांधा ओलांडून वर चढते आहे काय? हिरडीतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त येते काय?

क्रमांक १, ४, ५ किंवा ६ यांपैकी कोणतीही खूण दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध माणूस आणि हृदयविकाराचा रुग्ण यांना खुणा नसल्या तरी डॉक्टरांस दाखवावे. झोपेत दंश झालेल्या रुग्णास काहीच लक्षण नसले तरी रुग्णालयात नेऊन २४ तास देखरेखीखाली ठेवणे इष्ट. कोळी चावताना स्वतः पाहिला आहे, रुग्ण सुदृढ आहे आणि जागेवर थोड्या लालीखेरीज काही नाही, एवढ्या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच घरी थांबून पाहावे.

काय करावे, काय करू नये

साध्या कोळीदंशावर जागा साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी दहा-दहा मिनिटे ठेवावी. हातापायावर दंश असल्यास अंगठी, बांगडी, पैंजण, घट्ट कपडे लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते काढणे कठीण जाते. वेदना असल्यास पॅरासिटामॉल द्यावे. धनुर्वाताची लस घेतली आहे किंवा नाही याची डॉक्टरांकडे चौकशी करावी.

सर्पदंशाची शंका असल्यास रुग्णास चालवू नये. धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळी बांधून हाड मोडल्यावर ठेवतात तसा स्थिर ठेवावा आणि वाहन बोलवावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येण्यास विलंब दिसल्यास मिळेल त्या वाहनाने निघावे. गुंगी येत असेल किंवा उलटी होत असेल तर रुग्णास डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ व उलटी श्वासनलिकेत जात नाही. तोंडाने पाणी, चहा, काढा यांपैकी काहीही देऊ नये.

दोरीने करकचून आवळू नये. त्यामुळे रक्त तुटून हातपाय निकामी होतात. ब्लेडने चिरा देऊ नये, तोंडाने चोखू नये, जागा डागू नये. चुना, रॉकेल, बॅटरीतील पाणी, शेण यांचा लेप लावू नये. भगत किंवा मांत्रिक यांच्याविषयी गावात आदर असेल, तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ न दवडता त्यांनाच वाहनात बरोबर घ्यावे. मंत्र वाटेतही म्हणता येतो, परंतु श्वास देणारे यंत्र रुग्णालयातच असते.

रुग्णालयात काय होते?

रुग्णालयात प्रथम श्वास, नाडी व रक्तदाब पाहतात. सापाची शंका असल्यास कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलविता ठेवतात. तेवढ्या वेळात ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांसारख्या सापाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट केली आहे असे समजते. मण्यारीच्या दंशात हे रक्त गोठते, म्हणून तेथे पापण्या व श्वास यांवरच लक्ष ठेवावे लागते.

आपल्याकडे सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. घोड्यास अल्प मात्रेत विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिकारक द्रव्यापासून ते बनवितात. १८९९ साली मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या आणि पुढे हाफकिन यांचे नाव मिळालेल्या संस्थेची या कामातील परंपरा जुनी आहे. प्रतिविष ज्या विषासाठी घडविले त्याच्यावरच चालते. कोळ्याच्या दंशावर सापाचे प्रतिविष देऊन उपयोग नाही, उलट त्याच्या वावड्याचा धोका मात्र पत्करावा लागतो. भारतात कोळ्याच्या विषावरील प्रतिविष तयार होत नाही. त्यामुळे येथे उपचार लक्षणांवर चालतो. वेदनाशामक, स्नायूंचे गोळे सैल करणारी औषधे, जखमेची निगा आणि काही तासांची देखरेख एवढे पुरते. पू झाला असेल तरच प्रतिजैविके देतात. म्हणून “इंजेक्शन दिले नाही, नुसते बसवून ठेवले” अशी तक्रार नातेवाइकांनी करू नये. बसवून ठेवून पाहणे हाच येथे उपचाराचा मोठा भाग आहे.

घर, शेत आणि कोळी

दंश टाळण्याचे उपाय साधे आहेत. शक्य तेथे बाजेवर किंवा खाटेवर झोपावे. जमिनीवर झोपावयाचे असल्यास मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली नीट खोचावी. मण्यारीपासून हे संरक्षण फार मोलाचे आहे. अंथरूण, चपला व बूट झटकून वापरावेत. गोवऱ्या, लाकूडफाटा आणि कौले यांचा ढीग घराला लागून रचू नये. धान्य उघडे ठेवून उंदरांना आमंत्रण देऊ नये. भिंतीतील भेगा लिंपून घ्याव्यात. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. पेंढा किंवा गवत उचलताना प्रथम काठीने हलवावे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. गोवंडीच्या खोलीत आणि कोकणातील ओटीवर हे नियम सारखेच लागू पडतात.

मात्र दंशाच्या भीतीने शेतातील कोळी मारण्याचा मोह शेतकरी बंधूंनी टाळावा. खाडीकाठी कोळी म्हटले की प्रथम जाळे टाकणारा माणूस आठवतो. शेतातील कोळीही तसाच जाळ्यावर पोट भरणारा कष्टकरी आहे. त्याचे काही भाऊबंद तर जाळे न विणता धावत शिकार करतात. भातखाचरातील चुडांच्या बुंध्याशी फिरणारे असे कोळी तपकिरी तुडतुडे मोठ्या संख्येने फस्त करतात. अकारण फवारणी केल्यास प्रथम हे कोळी मरतात, आणि त्यानंतर तुडतुड्यांना रान मोकळे होते. बांधावरील गवत सरसकट जाळण्यानेही हेच घडते.

तात्पर्य, कोळ्याला शत्रू मानण्याचे कारण नाही आणि त्याच्या नावावर निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. ‘कोळी चावला’ हे शब्द कानी पडताच ग्राम-कार्यकर्त्याने घड्याळ पाहावे, रुग्णाच्या पापण्या पाहाव्यात, हातापायांचा स्पर्श पाहावा आणि जे दिसले ते कागदावर उतरवावे. तो कागद रुग्णाबरोबर रुग्णालयात पाठवावा. दंश केव्हा झाला आणि पहिले लक्षण केव्हा दिसले, हे सांगणारा तो चिटोरा डॉक्टरांना अमूल्य वाटेल. त्यावरून मिळालेल्या पाव तासात एखाद्या घरातील कर्ता माणूस वाचेल, तर त्या श्रमाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.